पाठीला पाठ लावून बसलेली पंगत

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन. इतक्या उशिरा म्हणजे काहीतरी गडबड असणार असं वाटून मी भांडी तशीच टाकून धावले, तर पलीकडून एकदम खुशीत, "मावशी, टॉपिक मिळाला गं!" एम.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. कुठला म्हणून विचारलं तर म्हणाली, "निओसोम. टर्बिनाफिनचं निओसोमल जेल, नायट्यासाठी." मी दोन सेकंद गप्प आणि मग हसायलाच लागले. तिला वाटलं मी टॉपिकला हसतेय, बिचारी हिरमुसली, म्हणून घाईघाईने सांगितलं की अगं माझापण हाच होता, औषध तेवढं वेगळं, माझं एसिक्लोफिनॅक, सांधेदुखीवरचं. "हो? मग तुझा थिसिस पाठव ना!" पंधरा वर्षांत माझा थिसिस कुणी मागितल्याची ही पहिलीच वेळ, लिहून ठेवावी अशी.

माळ्यावर सापडला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आत पहिल्या पानावर आभार, देवापासून लॅब असिस्टंटपर्यंत सगळ्यांचे. रात्री बारापर्यंत चाळत बसले आणि झोप उडाली ती उडालीच.

२००९ सालची गोष्ट. मराठवाड्यातलं कॉलेज. लोडशेडिंगचं टाइमटेबल लॅबच्या दारावर चिकटवलेलं असायचं आणि आमचं सगळं संशोधन त्या कागदाच्या मर्जीने चालायचं. निओसोम म्हणजे औषध भरायच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्या. त्या करायची आमची रीत अशी, स्पॅन सिक्स्टी आणि कोलेस्टेरॉल मोजून घ्यायचं, त्यात औषध, मग क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलमध्ये विरघळवून गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये ओतायचं आणि फ्लास्क रोटाला लावायचा. रोटा म्हणजे रोटरी इव्हॅपोरेटर. फ्लास्क गरम पाण्यात गरागरा फिरतो, व्हॅक्यूममुळे सॉल्व्हंट उडून जातं आणि काचेला आतून पांढरट पापुद्रा धरतो, दुधाच्या पातेल्याला कडेने धरतो ना तसाच. मग गरम बफर, म्हणजे आंबटपणा ठरावीक राखणारं पाणी, घालायचं, परत फिरवत ठेवायचं, पापुद्रा हळूहळू सुटतो आणि पाणी दुधाळ होतं. झाले निओसोम. ऐकायला शेवयांच्या खिरीइतकं सोपं, पण ऐन पापुद्रा धरायच्या वेळी लाइट गेली की पंप बंद, व्हॅक्यूम गेला, पाणी गार, आणि फ्लास्कच्या बुडाशी मेणाचा गोळा. महागाचं औषध त्यात अडकलेलं. मी एकदा रडलेय त्या गोळ्यावर, खोटं कशाला सांगू.

स्पॅन सिक्स्टी हे नाव भारी वाटतं पण दिसायला मेणबत्तीच्या किसासारखं असतं. सॉर्बिटॉलपासून आलेलं डोकं आणि स्टिअरिक ॲसिडची लांब शेपटी. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला अजिबात नाही. सर्फॅक्टंट म्हणतात त्या सगळ्या जमातीचा हाच स्वभाव, साबणाचा, रिठ्याच्या फेसाचा, शॅम्पूचा. दिवाळीच्या पहाटे डोक्यावरचं तेल रिठा-शिकेकाईने निघतं ते याच स्वभावामुळे, शेपट्या तेलात घुसतात, डोकी पाण्याकडे, आणि पाणी सगळ्यांना घेऊन मोरीत.

पण साबणाचे रेणू पाण्यात टाकले की त्यांचे भरीव गोळे होतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. त्यात पाणी धरायला जागाच नसते. स्पॅनचं तसं होत नाही आणि का नाही हे मला पुस्तकातून कधीच नीट समजलं नव्हतं. समजलं ते गावी एका बारशाला पंगत बसली तेव्हा. अंगणात जागा कमी म्हणून दोन ओळी पाठीला पाठ लावून बसवलेल्या. वाढपी दोन्हीकडून फिरतायत, सगळ्यांची तोंडं वाढप्यांकडे, पाठी एकमेकांना टेकलेल्या. हातात जिलबी घेऊन मी तिथेच थांबले, म्हटलं अरे हाच तो बायलेयर, दुहेरी थर! वाढपी म्हणजे पाणी, तोंडं म्हणजे डोकी, पाठी म्हणजे शेपट्या, त्यांना पाणी नको असतं आणि आतल्या बाजूला त्या अगदी सुखात असतात. फक्त अशा पंगतीच्या दोन टोकांना बसलेल्यांच्या पाठी उघड्या पडतात. मग टोकं काय करतात, वळत वळत एकमेकांना येऊन मिळतात. गोल पूर्ण. आता एक ओळ बाहेर तोंड करून, एक आत तोंड करून, आणि मधल्या अंगणात अडकलेलं पाणी. ते अंगण म्हणजे औषधाची खोली. पाण्यात विरघळणारं औषध असेल तर अंगणात बसतं, तेलकट स्वभावाचं असेल तर दोन ओळींच्या पाठींच्या फटीत शिरतं. माझं एसिक्लोफिनॅक फटीतलं. भाचीचं टर्बिनाफिनपण फटीतलंच.

कुणाची अशी पंगत बसेल आणि कुणाचे नुसते गोळे होतील हे अंगयष्टीवर ठरतं, डोकं किती रुंद आणि शेपटी किती जाड. याचं गणित इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम या तिघा शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये मांडलं, एक आकडा येतो, तो अर्ध्याच्या खाली असला की गोळे किंवा दांडकी, अर्धा ते एकच्या मध्ये असला की पंगत. ट्वीन एटी हे दुसरं सर्फॅक्टंट म्हणजे डोक्याला भलामोठा फेटा बांधलेला पाहुणा, सरळ ओळीत मावतच नाही. स्पॅन सिक्स्टीचा भाऊ स्पॅन एटी मावतो पण त्याच्या शेपटीला मध्येच बाक आहे, त्यामुळे ओळीत फटी राहतात आणि औषध गळतं. स्पॅन सिक्स्टी सरळ, गुमान बसणारा. तरी त्यालाही कोलेस्टेरॉल लागतं. दगडी भिंत रचताना गवंडी मोठ्या दगडांच्या मध्ये चिपा ठोकतो, तसं कोलेस्टेरॉल शेपट्यांच्या मध्ये जाऊन बसतं आणि भिंत घट्ट होते. (रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून आपण घाबरतो पण आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीतही या चिपा आहेतच, त्याशिवाय आपणही गळलो असतो.)

पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितलं ती दुपार अजून आठवते. थेंबभर दूध स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, आणि खाली बघते तर बारीक बारीक रिंगा, काही एकात एक कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या, आणि सगळ्या जागच्या जागी थरथरतायत. आमचे निओसोम तसे ढोबळ, तीन-चार मायक्रॉनचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत आडवे वीस-पंचवीस मावतील इतके. तरी मला वाटलं होतं की हे मी केलंय. मी खरंतर फक्त पाणी गरम केलं होतं, बाकी सगळं त्यांनीच केलं. गाईड सर मागे येऊन उभे राहिले, डोळा लावला आणि म्हणाले, "छान. आता साइझ कमी कर." एवढंच. सरांचं कौतुक नेहमी एकाच शब्दाचं असायचं.

हे सगळं सुरू कुठून झालं तर केंब्रिजजवळच्या बाब्राहॅममधून. ॲलेक बँगहॅम नावाचे रक्ताचे डॉक्टर, १९६१ च्या सुमारास, संस्थेत आलेल्या नव्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अंड्यातल्या लेसिथिनसारखे फॉस्फोलिपिड पाण्यात घालून बघत होते. त्यांना दिसल्या बंद पिशव्या, पेशीच्या भिंतीसारख्याच. गंमतीत लोक त्यांना बँगहॅसोम म्हणायचे, पुढे लायपोसोम हे नाव रुळलं. पण लेसिथिन नाजूक, हवेने खराब होतं, अतिथंड ठेवावं लागतं आणि शुद्ध हवं तर महाग. लॉरिआल या फ्रेंच सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या लोकांनी १९७० च्या दशकात तेच काम साध्या नॉन-आयॉनिक सर्फॅक्टंटकडून करून घेतलं. औषधासाठी नाही हं, सौंदर्यासाठी! त्यांच्याच लँकोम ब्रँडची निओसोम नावाची क्रीम १९८० च्या दशकात बाजारात आलीपण. म्हणजे निओसोम नाव धारण करून दुकानात पोचलेली पहिली वस्तू सुरकुत्यांवरची. मला आधी याचा राग यायचा, आता येत नाही, चेहऱ्यावर लावायची क्रीम आणि शिरेत सोडायचं इंजेक्शन यात किती अंतर आहे ते नोकरीत कळलंय.

औषधाकडे ती पिशवी वळवली ती ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड युनिव्हर्सिटीत, अलेक्झांडर फ्लोरेन्स आणि त्यांच्या टीमने. १९८५ मध्ये त्यांचे पेपर आले, उंदरांना मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध निओसोममध्ये भरून दिलं. आमच्या प्रत्येक थिसिसच्या पहिल्या पंधरा पानांत ते पेपर असायचे आणि आमच्यापैकी निम्म्यांनी ते पूर्ण वाचलेले नसायचे. मी वाचला त्यातला पुढच्याच वर्षीचा एक, काला आजारावरचा, आणि त्याने मला जे धरलं ते अजून सोडलं नाही. काला आजाराचा परजीवी लपतो कुठे, तर यकृत-प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशींच्या पोटात. या पेशींचं कामच मुळात बाहेरून आलेलं काहीबाही गिळायचं. म्हणजे चोर पोलीस चौकीतच लपलेला. नुसतं अँटिमनीचं औषध दिलं तर ते अंगभर फिरतं, हृदयाला त्रास, आणि चौकीपर्यंत पोचतं थोडंसंच. पण पिशवीत भरून दिलं की पोलीसच ती पिशवी परकी म्हणून गिळतात आणि औषध आपोआप चोराच्या उशाशी. पिशवीवर पत्ता लिहायची गरजच नाही! उंदरांच्या यकृतात परिणाम नुसत्या औषधापेक्षा चांगला दिसला.

आणि हे उंदरांपुरतं राहिलं नाही. निओसोम नाही पण लायपोसोममधलं ॲम्फोटेरिसिन नावाचं औषध, त्याचा एकच डोस, किलोला १० मिलिग्रॅम, बिहारमधल्या रुग्णांना देऊन बनारस हिंदू विद्यापीठाच्या श्याम सुंदर यांच्या टीमने ९५ टक्क्यांच्या वर लोक बरे झाल्याचं २०१० मध्ये छापलं. त्याआधी एकेक महिना रोज नाहीतर दिवसाआड इंजेक्शनं, मजुरी बुडवून. मी थिसिस सबमिट केला तेच वर्ष. माझ्या थिसिसमध्ये याचा उल्लेख नाही, तेव्हा मला एंट्रॅपमेंटच्या, म्हणजे पिशवीत किती औषध अडकलं त्याच्या, टक्क्यांपलीकडे काही दिसतच नव्हतं.

आजीला मात्र एकच गोष्ट दिसत होती, तिचे गुडघे. मी सुट्टीला घरी गेले की विचारायची, "तुझं ते सोम-सोम मलम झालं का गं?" मी सांगायचे आजी ते अजून माणसाला लावत नाहीत, डायलिसिसच्या पापुद्र्यावर लावून बघतोय. एका काचेच्या सेलमध्ये वर जेल, मध्ये पापुद्रा, खाली बफर, दर तासाला थेंब काढून यूव्ही मशीनवर बघायचं किती औषध खाली उतरलं. आजी म्हणायची, "पापुद्र्याचे गुडघे दुखतात होय?" व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाला मी इतकी गप्प झाले नव्हते.

सगळ्यात जास्त औषध धरून ठेवणारी बॅच होती एफ फाइव्ह. तिला जेलमध्ये घातलं, तीन महिने ठेवलं, काही बाटल्या फ्रिजमध्ये, काही रूम टेंपरेचरला. आमच्याकडे मे महिन्यात रूम टेंपरेचर म्हणजे बेचाळीस, आणि लाइट गेली की फ्रिजचंही रूम टेंपरेचरच. बाहेरच्या बाटल्या गळल्या, पिशव्या एकमेकींना चिकटून मोठ्या झाल्या, औषध बाहेर येऊन त्याचे सुईसारखे स्फटिक दिसायला लागले. थिसिसमध्ये मी लिहिलंय, "शीत तापमानात साठवण योग्य." चार शब्दांत सगळा उन्हाळा.

आता मी रेग्युलेटरीमध्ये, म्हणजे औषधांच्या मंजुरीच्या कामात, आहे, दिवसभर फाइली. त्यामुळे निओसोम मेडिकलच्या फडताळापर्यंत का येत नाहीत हे मला लॅबमधल्यापेक्षा टेबलावर बसून जास्त कळलं. कशातही अडतं. इंजेक्शन निर्जंतुक हवं, १२१ डिग्रीच्या ऑटोक्लेव्हमध्ये घातलं तर पंगत उधळते. मग गाळा, पण गाळणीची भोकं ०.२२ मायक्रॉन, आमच्या एफ फाइव्हची एकही पिशवी त्यातून गेली नसती. क्लोरोफॉर्म औषधात ६० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात साठ भागांच्या, वर राहता कामा नये, आम्ही वास गेला की संपलं असं समजायचो. शंभर मिलीच्या फ्लास्कमध्ये जे जमतं ते शंभर लिटरच्या टाकीत तसंच्या तसं, प्रत्येक बॅचला, त्याच साइझचं यायला हवं. आणि केकमध्ये चालणारं सर्फॅक्टंट शिरेत चालेलच असं नाही, जास्त झालं तर लाल पेशींच्या भिंतीतच जाऊन बसतं आणि त्या फुटतात. हे सगळं लायपोसोमलाही होतं, पण त्यावर लोकांनी तीस-तीस वर्षं आणि पैसा ओतला. कॅन्सरचं डॉक्सिल, लायपोसोममध्येच भरलेलं, १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि २०१२ मध्ये तिथे त्याचाच तुटवडा झाला तेव्हा आपल्या सन फार्माचं लिपोडॉक्स मागवायची वेळ आली होती त्यांच्यावर. निओसोमवर मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून थिसिस ओतले. दरवर्षी, प्रत्येक कॉलेजात, औषध बदलून. मला वाटतं त्यात लबाडी नव्हती, स्पॅन स्वस्त होतं, रोटा होता, दोन वर्षांत संपत होतं, एवढंच.

मग २०२१ चा मे. मोठे काका कोविडमधून घरी आले, शुगरवाले, स्टिरॉइड झालेली, आणि आठ दिवसांत गाल सुजला, नाकातून काळं यायला लागलं. म्युकर, ती काळी बुरशी. घरात "फार्मसीवाली" मी एकटी, त्यामुळे फोन माझ्याकडे. चिठ्ठीचा फोटो आला, लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी, ३०० मिलिग्रॅम रोज. कुपी ५० ची. म्हणजे दिवसाला सहा, आणि किती दिवस ते माहीत नाही. दुकानात मिळायचा प्रश्नच नव्हता, जिल्ह्याच्या कोट्यातून दवाखान्याला येतील तेवढ्या. तिसऱ्या दिवशी चुलतभावाने दुसऱ्या कुपीचा फोटो टाकला, "ताई, हे मिळतंय आणि बरंच स्वस्त आहे, नाव तेच आहे ना?"

नाव तेच होतं. मागचा शब्द वेगळा होता. ते प्लेन होतं, पित्तातल्या क्षाराने, म्हणजे एका सर्फॅक्टंटनेच, पाण्यात कसंबसं विरघळवलेलं. ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या भिंतीतल्या एर्गोस्टेरॉलला धरतं आणि भोकं पाडतं, पण आपलं कोलेस्टेरॉल त्याचा चुलतभाऊ, चेहरेपट्टी तीच, त्यामुळे अधूनमधून आपल्या पेशींनाही धरतं, किडनीच्या तर जास्तच. पिशवीतल्या औषधाला भिंतीत कोलेस्टेरॉल शेजारी मिळालेलं असतं, ते तिथेच धरून बसतं आणि बुरशी भेटल्यावर सुटतं. म्हणून ते पाचपट डोसमध्ये देता येतं. हे सगळं मी फोनवर भावाला सांगत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी व्हायवा देतेय. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मग घेऊ का नको?" मी म्हटलं डॉक्टरांना विचार, पण किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणी रोज करायला सांग आणि लावतील ते डेक्स्ट्रोजमध्ये, नॉर्मल सलाइनमध्ये नको, साका होतो. पुढचे तीन आठवडे काही दिवस हे, काही दिवस ते, जे येईल ते. थंडी वाजून अंग हलायचं प्लेनच्या दिवशी, काकूला न सांगताच कळायचं आज कुठलं लावलंय.

काका आहेत. वरचा जबडा अर्धा काढला, प्लेट बसवलीय, बोलणं थोडं नाकात येतं. मागच्या महिन्यात माझ्याच घरी त्यांनी शेंगदाण्याची चटणी मागितली आणि काकू ओरडली.

या सगळ्यातलं भाचीला काय सांगायचं हे मी थिसिस स्कॅन करताना ठरवत होते. टॉपिक बदल म्हणू? पन्नास वर्षांत ज्याचं इंजेक्शन आलं नाही ते तू दोन वर्षांत काय आणणार म्हणू? पण जेल हे इंजेक्शन नव्हे, आणि नायटा सध्या जसा चिवट झालाय, टर्बिनाफिनला दाद देईनासा, तिथे कातडीच्या वरच्या थरात औषध टिकवून धरायला ही पिशवी खरंच उपयोगी पडू शकते असं माझं प्रामाणिक मत आहे. शेवटी एवढंच लिहिलं की पापुद्र्यावर थांबू नकोस, निदान बुरशीच्या प्लेटवर तरी लावून बघ, आणि बाहेर ठेवलेल्या बाटल्यांचे आकडे लपवू नकोस, ते जास्त कामाचे आहेत.

तिचा रिप्लाय अंगठा. मग काल दुपारी फोटो, फ्लास्कमध्ये पाणी, पाण्यात तरंगणारे पांढरे तुकडे, नारळाच्या किसासारखे, आणि खाली रडणारे तीन इमोजी. मी ओट्याशी पावाचं पीठ मळत होते, यीस्टचं पाकीट समोर, त्यावर बारीक अक्षरात इमल्सिफायर ४९१. म्हणजे आमचं स्पॅन सिक्स्टीच, सॉर्बिटन मोनोस्टिअरेट, इथे कोरड्या यीस्टच्या दाण्यांना सांभाळायला बसलेलं. पिठाच्या हातानेच व्हॉइस नोट केली, "अगं बफर गार घातलंस ना? त्या शेपट्या तुपासारख्या थिजतात, गार पाण्यात त्यांना वळता येत नाही. बफर आधी साठला नेऊन ठेव, फ्लास्कपण त्याच बाथमध्ये राहू दे, एक तास फिरव, घाई करू नकोस. आणि लाइटचं काय आहे तिकडे हल्ली?"

"लाइट असते गं मावशी," ती म्हणाली, "आता रोटाच बुक असतो. माझा नंबर शुक्रवारी."